हेरिटेज वॉकला जाताना : काय पाहावं आणि काय विचारावं?

"टीचर, शनिवारवाडे में अपने को अंदर छोडते क्या?"

सातवीच्या वर्गात मराठ्यांच्या इतिहासाचा धडा चालू होता. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हा प्रश्न विचारला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, चेष्टाही नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हतं. वर्गातलं कुणी हसलंही नाही, आणि मला तेच जास्त लागलं. मी विचारलं, "आतून कुणी कुणी पाहिलाय?" छत्तीस मुलांपैकी चार हात वर आले.

विश्रांतवाडीपासून शनिवारवाडा सात-आठ किलोमीटरवर आहे. आमची मुलं ईदच्या खरेदीला कॅम्पात जातात, लग्नाला कोंढव्याला जातात, नातेवाइकांकडे मोमीनपुऱ्यात जातात. पण कसबा, बुधवार, शनिवार पेठ म्हणजे "वो लोगां का एरिया", असं त्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. त्यात २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये शनिवारवाड्यात काही महिलांनी नमाज पढल्याचा व्हिडिओ पसरला, आंदोलन झालं, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्यानंतर पालकही सांगू लागले, "नको टीचर, उगीच भानगड नको."

मी त्या मुलीला म्हटलं, "सोडतात. तिकीट काढायचं आणि आत जायचं. शनिवारवाडा सगळ्यांचा आहे." पण हे तोंडाने सांगून भागणार नाही, हे मलाही कळत होतं. म्हणून ४ जानेवारीच्या रविवारी आम्ही एका हेरिटेज वॉकला गेलो. शाळेची सहल म्हणून नाही, पालकांच्या लेखी संमतीने, घरगुती गट म्हणून. अकरा मुलं, चार आया, एक अब्बा आणि मी. तिथे काय पाहिलं, कुठे अडखळलो आणि काय शिकलो ते इथे लिहिते आहे. पुढच्या गटाला त्याचा उपयोग होईल.

हेरिटेज वॉक म्हणजे नेमकं काय?

सहलीत आपण बसमधून उतरतो, फोटो काढतो आणि परत बसमध्ये बसतो. हेरिटेज वॉकमध्ये शहराचा एखादा जुना भाग जाणकार माणसासोबत पायी पाहायचा असतो. साधारण दोन ते तीन तास लागतात आणि अंतर दोन-तीन किलोमीटरच असतं. दर पन्नास-शंभर पावलांवर थांबायचं, गाईड माहिती सांगतो ती ऐकायची, प्रश्न विचारायचे. रोज ज्या रस्त्याने रिक्षा भर्रकन निघून जाते, तिथलीच एखादी कमान किंवा हौद किंवा गल्लीच्या नावाची पाटी असते, पण तिच्यासमोर उभं राहायला मिळतं.

पुण्यात या फेऱ्यांचा खरा हंगाम हिवाळा. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो, त्या सुमारास फेऱ्या वाढतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात. पावसाळ्यात पेठांच्या अरुंद गल्ल्यांत छत्र्या घेऊन उभं राहता येत नाही. एप्रिल-मेमध्ये दहा वाजताच ऊन डोक्यावर येतं. जानेवारीत पहाटे दहा-बारा अंशांची थंडी असते आणि दहा वाजेपर्यंत कोवळं ऊन मिळतं. रविवारची सकाळ असली की दुकानांची शटर बंद असतात, रहदारी कमी असते, आणि एरवी पाट्यांआड गेलेली लाकडी गॅलरी, जुनं दार, कोरीव महिरप डोळ्यांना दिसते.

नाव नोंदवण्याआधी विचारायच्या गोष्टी

वृत्तपत्रांच्या शहर पुरवण्या आणि समाजमाध्यमांवर अशा फेऱ्यांची माहिती येते. काही मोफत असतात, काहींना माणशी शुल्क असतं. नोंदणीआधी फोन करून पाच गोष्टी विचाराव्यात.

एक, भाषा कोणती? मराठी, हिंदी की इंग्रजी? उर्दू माध्यमाच्या मुलांना साधी मराठी नीट कळते. इंग्रजीतल्या फेरीत मात्र ती मागे पडतात.

दोन, गट केवढा? वीसच्या आत असेल तर शेवटच्या माणसालाही ऐकू येतं. पन्नास जणांच्या घोळक्यात निम्मे लोक नुसतेच चालत असतात.

तीन, शुल्कात स्मारकाचं तिकीट धरलंय का? शनिवारवाड्यासारख्या केंद्राच्या संरक्षित स्मारकात १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. मुलांच्या वयाचा पुरावा, म्हणजे शाळेचं ओळखपत्र, सोबत ठेवावं.

चार, वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे? हा प्रश्न विचारायला आपण लाजतो आणि मग आया-मुली तीन तास पाण्याचा घोटही घेत नाहीत. आम्ही आधी विचारलं होतं, त्यामुळे कुणाची अडचण झाली नाही.

पाच, फेरी कुठे संपते? सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी असेल असं नाही. परतीची बस कुठून धरायची ते आधीच ठरवलेलं बरं.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. विश्रांतवाडीहून महापालिकेपर्यंत पीएमपीची बस मिळते. नाहीतर येरवड्यापर्यंत येऊन मेट्रो धरायची आणि थेट महापालिका स्थानकावर उतरायचं. नवा पूल ओलांडला की समोर शनिवारवाडा. आमच्यातल्या निम्म्या मुलांचा तो मेट्रोचा पहिलाच प्रवास होता. तेवढ्यावरच ती खूश होती, इतिहास अजून सुरूही झाला नव्हता.

नमाजची वेळ आणि स्मारकाचे नियम

हा मुद्दा मुद्दाम वेगळा मांडते, कारण पालकांची भीती इथेच आहे. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या पुढे उगवतो. फज्र घरी अदा करून, चहा-बिस्कीट घेऊन निघालं तरी साडेसातला शनिवारवाड्यापाशी पोहोचता येतं. फेरी दहा-साडेदहाला संपते. जुहरला दोन तासांहून जास्त वेळ उरतो. म्हणजे सकाळच्या फेरीत नमाजच्या वेळेचा प्रश्नच येत नाही. दुपारची फेरी असेल तर जवळची मशीद आधी विचारून ठेवावी.

संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय कोणताही कार्यक्रम किंवा सभा घेता येत नाही. हा नियम आपल्या एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. भिंतीवर नाव कोरू नये, चौथऱ्यावर चढू नये, डबा उघडून बसू नये, हेही त्यातच आलं. नियम माहीत असला की माणूस दबकून वागत नाही. मी मुलांना निघण्याआधी एवढंच सांगितलं, "तिकीट काढून आलेल्या माणसासारखं सरळ चालायचं."

शनिवारवाडा : दरवाजातून आत

गाईड तरुण होता, वास्तुशास्त्र शिकलेला. आमचे बुरखे-टोप्या पाहून तो क्षणभर थबकला असं मला वाटलं. कदाचित मीच थबकले असेन. त्याने सगळ्यांना एकदम विचारलं, "नाश्ता करून आलात ना?" आणि सुरुवात केली.

पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, पाया घातला. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च रुपये १६,११०. हा आकडा ऐकून मुलांनी डोळे मोठे केले. एवढ्यात आज चांगला मोबाईलसुद्धा येत नाही, असं एकाने हिशेब करून सांगितलं. वाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत जळाला. म्हणून आत महाल नाही. आहेत ती जोती, कारंज्याची जागा, भोवतीची तटबंदी आणि पाच दरवाजे.

उत्तरेकडे तोंड असलेला दिल्ली दरवाजा सगळ्यांना ठाऊक असतो. आमची मुलं मात्र दुसऱ्याच दरवाजापाशी रेंगाळली. त्याचं नाव मस्तानी दरवाजा, त्यालाच अलिबहादूर दरवाजा असंही म्हणतात. अलिबहादूर कोण? बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेरबहादूर, आणि त्याचा मुलगा अलिबहादूर. समशेरबहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्याच जखमांनी गेला. त्याच पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळत होता. अलिबहादूरपासून पुढे बांद्याचे नवाब झाले. पेशव्यांच्या वाड्याचा एक दरवाजा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

प्रश्न विचारणारी ती मुलगी दरवाजाच्या लाकडाला हात लावून उभी होती. काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही.

दप्तर, हौद आणि कागदीपुरा

पुढे लाल महालाकडे आलो. आज दिसतो तो लाल महाल महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेला आहे, शिवकाळातली मूळ इमारत नव्हे. हे गाईडने आधीच स्पष्ट केलं ते बरं झालं. शिवाजी महाराजांनी एप्रिल १६६३ मध्ये शायिस्ताखानावर छापा घातला तो इथे. तो महिना रमजानचा होता. हे ऐकून मुलं जरा चुळबुळली. आता काय ऐकावं लागणार, असा भाव चेहऱ्यांवर होता. गाईडने मात्र गोष्ट पूर्ण सांगितली. शायिस्ताखानाच्या दिमतीला त्या वेळी पुण्यात जोधपूरचे जसवंतसिंह राठोड होते. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरबेग होता, आरमारात दौलतखान होता. लढाई राज्याची होती. दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांची माणसं होती. एवढी नावं सांगितल्यावर मुलांचे खांदे सैल पडले.

कसबा गणपतीवरून तांबट आळीकडे वळलो. तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे ठोके मारणारी आळी ती. रविवार असूनही एका दुकानातून ठोक्यांचा आवाज येत होता. याच कसब्यात कुंभारवाडा आहे आणि कागदीपुराही आहे. कागदी म्हणजे हाताने कागद बनवणारे मुसलमान कारागीर. चिंध्या, तागाचे जुने तुकडे यांचा लगदा करायचा, चौकटीवर पसरायचा, वाळवायचा आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. घोटीव कागद म्हणतात तो हाच. पेशवाईचा कारभार अशा हातकागदावर चालला. हिशेब, पत्रं, करार, न्यायनिवाडे, सगळं मोडी लिपीत. त्यातलं पुष्कळ आजही पुण्याच्या पेशवे दफ्तरात जपून ठेवलेलं आहे.

इथे मी गाईडची परवानगी घेऊन मुलांचा छोटा तास घेतला. सवय जात नाही! मी विचारलं, "तुम्ही पाठीला काय लावून शाळेत येता?" उत्तर आलं, "दप्तर." हा फारसी 'दफ्तर'. मग हौद, दरवाजा, नगारखाना, कागद. 'पेशवा' हा शब्दसुद्धा फारसी. फडणवीस, चिटणीस यांच्यातला शेवटचा 'नवीस' म्हणजे लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. हे आडनाव लावणारी ब्राह्मण आणि प्रभू घराणी महाराष्ट्रात आहेत. जुन्या पेठांची नावंही पाहा. बुधवार पेठ पूर्वी मुहियाबाद होती, शनिवार पेठ मुर्तजाबाद, रविवार पेठ मलकापूर, सोमवार पेठ शहापूर.

अर्थात याची दुसरी बाजूही मुलांना सांगितली. महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. भाषेत नेहमी देवघेवच झाली असं नाही, ओढाताणही झाली. दोन्ही गोष्टी शहराच्या इतिहासात आहेत. आपल्याला बरी वाटेल तेवढीच उचलली तर तो इतिहास राहत नाही.

सगळ्यात उपयोगी प्रश्न : "कशावरून?"

निघण्याआधी मी प्रत्येक मुलाला वहीत चार रकाने आखायला लावले होते. पहिला, त्या काळातला कागद. दुसरा, वास्तू किंवा शिलालेख, म्हणजे डोळ्यांनी दिसणारा पुरावा. तिसरा, नंतर लिहिलेली बखर किंवा पुस्तक. चौथा, तोंडी सांगितली जाणारी गोष्ट. गाईडने काही सांगितलं की विचारायचं, "कशावरून?" आणि मग योग्य रकान्यात लिहायचं. उद्धटपणे नाही, शिकण्यासाठी.

शनिवारवाड्यात याचा लगेच उपयोग झाला. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हे पहिल्या रकान्यात गेलं. गारद्यांनी मारलं, आणि त्या गारद्यांत सुमेरसिंग होता तसाच महंमद युसूफही होता, हेही पहिल्यात. आनंदीबाईने चिठ्ठीत 'ध चा मा' केला, म्हणजे 'धरावे'चं 'मारावे' केलं, हा प्रवाद चौथ्यात. पौर्णिमेच्या रात्री "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते, हेही चौथ्यात. मुलांना अर्थात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. चौथा रकाना कमी प्रतीचा नाही. लोक काय सांगतात आणि का सांगतात, तोही अभ्यासाचा विषय आहे. फक्त तो पहिल्या रकान्यात घुसवायचा नाही.

मस्तानीचा विषय निघाला तेव्हा गटातले एक काका म्हणाले, "ती नाचणारी होती." आमच्यातल्या एका मुलाने नम्रपणे विचारलं, "काका, कशावरून?" काका हसले आणि म्हणाले, "सिनेमावरून!" सगळेच हसले. मग गाईडने सांगितलं की १७२९ मध्ये बाजीराव बुंदेलखंडच्या छत्रसालांच्या मदतीला महंमदखान बंगशाविरुद्ध धावून गेला आणि त्यानंतर मस्तानी पुण्यात आली. १७४० मध्ये बाजीरावापाठोपाठ ती वारली आणि तिची कबर शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा जोडून उभे केले आहेत. ते आपण तिकीट काढून पाहू शकतो.

मग माझी पाळी आली. बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेपाशी आलो. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आली आणि तिथे राष्ट्रीय स्मारकाचं काम हाती घेण्यात आलं. आदल्याच दिवशी, ३ जानेवारीला, सावित्रीबाईंची जयंती झाली होती. मी मोठ्या अभिमानाने फातिमा शेख यांच्याबद्दल सांगू लागले. दरवर्षी ९ जानेवारीला त्यांचा जन्मदिवस म्हणून वर्गात फलक लावणारी मीच. तेवढ्यात त्याच मुलीने वही उघडली आणि विचारलं, "टीचर, कशावरून?"

मी क्षणभर गप्प झाले. मग जे आहे ते सांगितलं. सावित्रीबाईंनी १८५६ च्या ऑक्टोबरात माहेराहून, नायगावहून, जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव आहे. आपण आजारी असल्याने तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, याची काळजी त्यात आहे. हा पहिला रकाना. एवढा एक उल्लेखसुद्धा मोठा आहे. एका शिक्षिकेने आपल्या सहकारी बाईची आठवण काढलेली आहे. घरातून बाहेर पडलेल्या फुले दांपत्याला उस्मान शेख यांनी गंज पेठेत आसरा दिला, हे चरित्रांमधून आपल्यापर्यंत आलं. तो तिसरा रकाना. आणि मोबाईलवर फिरणारे त्यांचे संवाद, प्रसंग, जन्मतारीख? त्याला त्या काळातला कागद नाही. मुलीने वहीत लिहिलं : "पत्र १८५६ — रकाना १. जन्मतारीख — ?"

मला आधी जरा वाईट वाटलं. मग वाटलं, हेच तर शिकवायला आणलं होतं. दुसऱ्याच्या गोष्टीला "कशावरून" विचारायचं आणि आपल्या गोष्टीला सूट द्यायची, हे चालणार नाही. उलट आपल्या माणसांबद्दल आपण दुप्पट काळजी घ्यायला हवी. कारण उद्या कुणी सांगीव तपशील खोटे ठरवले, तर लोक त्या खऱ्या पत्रावरही विश्वास ठेवणार नाहीत.

वादाची जागा आली तर?

कसबा पेठेच्या परिसरात नदीच्या अंगाला थोरला शेख सल्ला आणि धाकटा शेख सल्ला असे दोन जुने दर्गे आहेत. गुरुवारी इथे सर्व जातीधर्मांची माणसं येतात. या जागांवर पूर्वी नारायणेश्वर आणि पुण्येश्वर ही मंदिरं होती, अशी परंपराही सांगितली जाते. ब्रिटिश काळात १८८५ मध्ये छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ती नोंदवलेली आहे. आज त्यावरून वाद घातला जातो. हेरिटेज वॉकमध्ये हा विषय निघू शकतो. आमच्या फेरीत तो निघालाच.

मुलांना मी आधीच तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, ऐकून घ्यायचं आणि कशावरून ते विचारायचं. उत्तर आलं ते आपल्याला आवडो न आवडो, ते त्याच्या रकान्यात लिहायचं. दुसरी, शेकडो वर्षांपूर्वी काय झालं हा इतिहासाचा प्रश्न आहे, आज जागेचं काय करायचं हा कायद्याचा प्रश्न आहे. दोन्ही एकात मिसळले की भांडण होतं. तिसरी, आवाज चढला तर आपण तिथून दोन पावलं मागे यायचं. गल्लीत उभं राहून कुठलाही वाद सुटत नाही.

गाईडने दोन्ही बाजू चार वाक्यांत सांगितल्या आणि पुढे चालू लागला. माझ्या मते ते योग्य केलं. आधी एकदा, दुसऱ्या एका फेरीत, मी वेगळा अनुभवही घेतला आहे. तिथला माणूस प्रत्येक थांब्यावर "त्यांनी पाडलं, त्यांनी लुटलं" असंच सांगत होता आणि "त्यांनी" म्हणताना माझ्याकडे पाहत होता. तेव्हा मी अर्ध्यातून निघून आले. आज वाटतं, निघण्याआधी शांतपणे एकदा तरी "कशावरून?" विचारायला हवं होतं. फेरी संपल्यावर आयोजकांना चार ओळी लिहून पाठवायला हव्या होत्या. तक्रार लेखी असेल तर पुढच्या वेळी फरक पडण्याची शक्यता असते. नुसते निघून गेलो तर आपण आलो होतो हेही कुणाला आठवत नाही.

विश्रांतवाडीत काय आहे?

परत येताना एका मुलाने विचारलं, "टीचर, अपने यहाँ कुछ पुराना है क्या?" आहे की! आपण रोज ज्या आळंदी रस्त्याने जातो, त्याच रस्त्याने दर आषाढ वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी अशी पुण्यात येते. येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला, डॉ. आंबेडकर आणि गांधीजींच्या नावांनी ओळखला जातो तो. डेक्कन कॉलेजची दगडी इमारत १८६० च्या दशकातली आहे आणि लोकमान्य टिळक तिथे शिकले. नदीपलीकडे खडकीला ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली.

ज्या पालकांना पहिल्यांदाच मुलांना घेऊन जायचं आहे आणि पेठांची धास्ती वाटते, त्यांनी नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसपासून सुरुवात करावी. हा महाल १८९२ मध्ये तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी बांधला. दुष्काळाने पिचलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावं, हा हेतू होता असं सांगतात. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ गांधीजींना इथे नजरकैदेत ठेवलं होतं. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला इथेच गेले. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी महाल देशाला दिला. एका मुस्लिम घराण्याने बांधलेला महाल, इंग्रजांनी तिथे केलेला तुरुंग आणि आज तिथे असलेलं देशाचं स्मारक. मुलांना समजवायला याहून सोपी जागा जवळपास नाही. विश्रांतवाडीहून रिक्षाने फार वेळ लागत नाही. मेट्रोचं कल्याणीनगर स्थानकही जवळच आहे. गाईड नसला तरी चार रकान्यांची वही घेऊन जा.

सोबत काय न्यावं?

चालायला सोपे बूट किंवा चप्पल, पहाटेसाठी स्वेटर जो दहा वाजता काढून पिशवीत ठेवता येईल, पाण्याची बाटली, टोपी किंवा ओढणी, वही-पेन, मुलांचं ओळखपत्र, थोडे सुटे पैसे. लहान मुलांसाठी खजूर किंवा शेंगदाण्याची चिक्की. आजी-आजोबा सोबत असतील तर निम्म्या फेरीनंतर कुठे बसता येईल ते विचारून ठेवा. वाटेत लोकांच्या घरांचे, बायकांचे फोटो न विचारता काढू नका. पेठांमध्ये माणसं राहतात, ते संग्रहालय नाही.

आमचा त्या दिवशीचा खर्च माणशी मेट्रो, फेरीचं शुल्क आणि मंडईजवळचा मिसळ-पाव धरून दोन सिनेमांच्या तिकिटांपेक्षा कमीच झाला. शक्य असेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या जमातीने किंवा महिला गटाने दहा-बारा मुलांचा खर्च उचलावा. सहा आठवड्यांत रमजान सुरू होईल. त्याआधी चार-पाच रविवार हाताशी आहेत.

सोमवारी वर्गात त्या मुलीने वही सगळ्यांना दाखवली. तिचा पहिला रकाना निम्मा भरला होता, चौथा पूर्ण भरला होता. मग तिने विचारलं, "टीचर, पाबळ कितना दूर है?" मी म्हटलं, साठेक किलोमीटर. आता ज्यांना यायचं आहे त्यांची नावं ती लिहून घेते आहे. काल संध्याकाळपर्यंत सतरा झाली होती, त्यात सहा आया आहेत.